मोठ्यांना हसवायला गेलो

मी पोरांसाठी तीन पुस्तकं लिहिली. चौथं मोठ्यांसाठी लिहिलं आणि तोंडघशी पडलो. लोक अजून त्या चौथ्याबद्दलच विचारतात, आणि विचारताना दात काढतात. म्हणून एकदाच सांगून टाकतो. बायको होती तोवर सांगायची सोय नव्हती. ती गेल्या पौषात गेली. आता घरात मला अडवणारं कोणी उरलं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. वरवट बकालच्या शिवारात आमचा मळा. वांगी, मिरची, कांदा, आणि बांधाच्या कडेनं लसूण. मोट हाकताना हातापायांना काम असतं, तोंड रिकामं असतं. आमची मुलगी लहानपणी विहिरीच्या काठावर बसायची आणि गोष्ट सांगा म्हणून पिच्छा पुरवायची. मी खारीची सांगायचो, मुंगसाची सांगायचो, आळशी बगळ्याची सांगायचो. गावच्या मास्तरांनी ती ऐकली, मला कागदावर लिहायला बसवलं आणि माझं ‘मले’ खोडून ‘मला’ केलं. तेव्हापासून कागदावर मी असाच लिहितो, बोलतो मात्र घरच्यासारखं. पुस्तकं खामगावला छापली. शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टीसाहेबांना पसंत पडली, त्यांनी बक्षिसात वाटायला घेतली. दोन-तीन वर्षांत अशी पाळी आली की अनोळखी गावात गेलो तरी पोरं माझी खारीची गोष्ट मलाच पाठ म्हणून दाखवायची.

तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं.

खामगावात एक वकील होते. मासिक काढायचे. मी बाजाराला गेलो की मला घरी बोलवायचे, स्वतः आरामखुर्चीत बसायचे आणि मला समोर सतरंजीवर बसवायचे. एक दिवस म्हणाले, खारी-मुंगसात किती दिवस घालवणार, तुमच्या अंगात विनोद आहे, मोठ्यांसाठी एक विनोदी पुस्तक लिहा, पुण्याकडं अशा पुस्तकांना चांगले दिवस आलेत. त्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली. मी खुर्चीत बसलो आणि माझं डोकं फिरलं. त्या वकिलांवर माझा राग आहे. ते वारून पंधरा वर्षं झाली, राग आहे तो आहेच.

आता खरं सांगायचं तर माझ्या अंगात मोठ्यांसाठीचा विनोद काडीचा नव्हता. होता तो बायकोच्या अंगात.

तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. पण ती बोलायला लागली की भाकरी थापणाऱ्या बायांचे हात थांबायचे. सासरा बाजारातून येताना कसा खाकरतो, पाटलीण शेजारणीला चटणी देताना बोटानं किती परत काढून घेते, जावई रुसला की टोपी कोणत्या कानावर येते, सगळं करून दाखवायची. आणि लग्नात रुखवत आला की तिला घरातून बोलावून न्यायचे, मग लग्न कोणाचंही असो.

आमच्याकडं रुखवताच्या वेळी दोन्हीकडच्या बाया समोरासमोर बसतात आणि गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढतात. इकडची एक ओवी, तिकडची एक ओवी. विहिणीचं नाक, विहिणीचं खाणं, विहिणीचा नवरा, काहीच सोडत नाहीत. ज्या बाईला टोमणा बसला तिनं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. उत्तर दिलं की फिटलं. मग दोघी एका ताटात बसून जेवतात, आणि मांडवातलं बोलणं मांडव उतरला की संपतं. कोणी ते घरी नेत नाही.

आमच्या मुलीचं लग्न वडनेर भोलजीला झालं. दोन मोटांची विहीर, दाराशी चार बैल, माणसं आमच्यापेक्षा वजनदार. विहीणबाई तर ठसक्याची. मोठी नथ, आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाला कळावं. लग्नात तिची आणि माझ्या बायकोची जी जुंपली ती लोकांनी वर्षभर सांगितली. बायकोची एक ओवी होती,

विहीणबाईची नथ मोठी, नथीखाली दात,
पंगत उठली तरी बाईचा करंजीवर हात.

पुरुष बाहेर जानोशाच्या, म्हणजे वऱ्हाड उतरलेल्या घराच्या, बाजूला बसले होते, तरी आमच्यापर्यंत हसणं आलं. विहिणीनं काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही. मी तेव्हा पंगतीचं पाणी पाहायला उठलो होतो. हसण्याची दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा मोठी, एवढं आठवतं.

वकिलांनी डोकं फिरवल्यावर मी मळ्यात वही घेऊन बसलो. लिहायला काही येईना. मग बायकोचं जे जे आठवलं ते लिहीत गेलो. पाटलिणीची चटणी घेतली, जावयाची टोपी घेतली, रुखवताच्या तिच्या सगळ्या ओव्या घेतल्या. दुसऱ्या बाजूच्या बायांनी काय म्हटलं ते कधी नीट ऐकलंच नव्हतं, तर लिहिणार काय? कोणाचं नाव घातलं नाही. मला वाटलं, नाव नाही म्हणजे झालं. बायकोला विचारलं नाही. ती विचारायची, काय लिहून राह्यले? मी म्हणायचो, बगळ्याची गोष्ट.

पुस्तक छापून आलं. वर मोठ्या अक्षरात माझं नाव आणि खाली ‘विनोदी पुस्तक’ असं छापलेलं. वाचणाऱ्याला सांगावं लागतं हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पहिल्यांदा ते आमच्या गावात चावडीसमोर वाचलं गेलं. मास्तर वाचत होते. तीस-पस्तीस माणसं असतील. चटणी झाली, टोपी झाली, कोणी हसेना. एक जण जांभई देत होता. पाटील खाली मान घालून चपलेचा अंगठा दाबत होते, कारण चटणी कोणाच्या घरची ते लहान लेकरालाही ठाऊक होतं. मास्तरांनी चार पानं जास्तच वाचली, मला बरं वाटावं म्हणून. शेवटी माझ्याच भावकीतला एक म्हातारा उठला, काठी टेकली आणि म्हणाला, “हे आमी तुह्या घरच्या बाईच्या तोंडून आयकेल हाये बे. तवा मजा आली होती.”

बाकीचे त्याच्या मागं उठले.

खामगावचे वकील म्हणाले, हे फार गावरान झालं. ज्यांनी लिहा म्हटलं तेच म्हणाले. मासिकात त्यांनी स्वतः लिहिलं की मुलांच्या लेखकानं मोठ्यांच्या पंगतीत बसू नये. पुढच्या खेपेला गेलो तर सतरंजीही नव्हती. मी दारातून परत फिरलो. डिप्टीसाहेबांनी चौथ्याच्या पायी आधीची तिन्ही बक्षिसाच्या यादीतून काढली. अशा वात्रट माणसाचं पोरांच्या हाती नको, असं मास्तरांना म्हणाले.

इथवर माझं नुकसान माझ्यापुरतं होतं. मी शिव्या देत मोट हाकली असती.

पण झालं असं की गावोगावचे मास्तर माझं नाव ओळखत होते ते पोरांचा लेखक म्हणून. वडनेरच्या शाळेच्या मास्तरांनी वरचं नाव पाहिलं, खालची ओळ पाहिली नाही, आणि पुस्तक वर्गात वाचायला दिलं. मोठी माणसं जिथं हसली नाहीत तिथं पोरं हसली. पोटं धरून हसली म्हणे. पोरांना ओव्या एका दिवसात पाठ झाल्या. आणि वडनेरात मोठी नथ कोणाची, हे पोरांना कोणी सांगायची गरज नव्हती. विहीणबाई देवळात निघाली की मागून पोरांचं ‘करंजीवर हात’, पाण्याला गेली की ‘करंजीवर हात’. घरात चार गडी राबवणारी बाई, तिला आपल्याच गल्लीतून चालणं अवघड झालं.

आमची मुलगी तेव्हा सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. त्यातून वडनेरच्या त्या घरात थोरली सून पहिल्याच बाळंतपणात गेली होती. माझी बायको त्यामुळं आधीच धास्तावलेली. तिनं डिंक आणून ठेवला होता, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या होत्या, आमच्या गावच्या सुइणीला दोनदा घरी बोलावून जेवू घातलं होतं. मला म्हणाली, बीज झाली की पोरीला घेऊन या.

मी मुराळी म्हणून गेलो. पुस्तकाचं वडनेरात काय झालं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. ओट्यावर बसलो. कोणी पाणी विचारलं नाही, तसं मुलीच्या घरचं पाणी आम्ही पीतही नाही, पण विचारायचं असतं. व्याही सुतळी वळत बसले, वर पाहीनात. मुलगी आतल्या दारात आली, मला पाहिलं, आणि कोणीतरी आतून हाक मारली तशी मागं गेली. तोंड उतरलेलं होतं. मग दाराआडून विहिणीचा आवाज आला.

“इवाईबुवा, पोरगी पुस्तकात शोधा. सापडली तं घेऊन जा.”

तेव्हा व्याह्यांनी सुतळी बाजूला ठेवून मला सगळं सांगितलं. रागावून नाही, थकून सांगितलं. मी काय बोलावं? मी उलटं बोललो. म्हणालो, पुस्तकात कोणाचं नाव नाही, ज्याला लागलं त्यानं आपल्या अंगाला लावून घेतलं. असं बोलून उठलो. रिकामी बैलगाडी घेऊन पूर्णा नदी उतरलो आणि वाटभर विहिणीला शिव्या दिल्या.

घरी आलो तर बायको दारात हळदीकुंकू घेऊन उभी. गाडीत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. सांगणं भाग होतं. मी सांगितलं, आणि विहिणीच्या नावानं आणखी दोन शिव्या घातल्या. ती म्हणाली, पुस्तक वाचून दाखवा. मी टाळलं, तर ती मास्तरांना घरी घेऊन आली. ओसरीवर बसून तिनं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही हसली नाही. मास्तर गेल्यावर मला म्हणाली,

“हे सारं माह्यं हाये.”

मी म्हटलं, हाव.

“इहिणीनं उत्तर देल्लं व्हतं थे कोठी हाये याच्यात?”

मी म्हटलं, ते मी ऐकलं नव्हतं.

“अर्धं आयकून पुस्तक करते का माणूस?” ती म्हणाली. “मांडवात थे माह्या बरोबरीची व्हती. तुमी तिले मुकी करून बसवली, करंजीवर हात ठेवून. जन्मभर.”

मी तेव्हा तिच्यावरही खेकसलो. म्हटलं, राहू दे पोरगी तिथंच, बाया काय सासरी बाळंत होत नाहीत? ती उठली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते दोन दिवस गोधड्या घडी करून खोलीत पडल्या होत्या, आणि येताजाता मला त्यांच्याकडं पाहावं लागत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्यावर पदर घेऊन अंगणात आली आणि म्हणाली, “जुपा.”

मुलीची माय मुलीच्या सासरी जात नाही, निदान लेकरू होईस्तोवर नाही. आमच्यात कोणाची गेलेली मी पाहिली नव्हती. मी तसं म्हटलं. ती गाडीत जाऊन बसली होती.

नांदुऱ्याला नात्यातल्या घरी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या सुमाराला वडनेरला पोचलो. ती ओट्यावर चढली नाही. खाली अंगणात, मातीत, मांडी घालून बसली. मी बैलांचे कासरे धरून फाटकापाशी उभा राहिलो. शेजारच्या बाया एकेक करून कुडावरून पाहायला लागल्या, मग आत आल्या, मग पंधरा-वीस झाल्या. बायको मोठ्यानं म्हणाली, म्हणजे घरात ऐकू जाईल असं,

“इहीणबाई, तुमचं उत्तर पुस्तकात राहून गेलं. थे घ्याले मी आली हाये. द्या.”

मला वाटलं, आता दार लावून घेतील आणि आम्ही ह्या सगळ्या बायांदेखत परत जाऊ. बायको हलली नाही. मग विहीण बाहेर आली. नथ घातलेली नव्हती. ओट्याच्या कडेला उभी राहून तिनं आधी माझ्या बायकोला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग मान वर करून थेट माझ्याकडं पाहिलं आणि लग्नातल्या चालीवर म्हणाली,

सोयरीण माही वाघीण, बोले भर मांडवात,
सोयरा उष्टं भरून नेते कागदाच्या द्रोणात.

आणि पहिली हसली ती माझी बायको. अंगणात बसल्या बसल्या मागं कलली, हात जमिनीला टेकले आणि हसली. मग साऱ्या बाया. आत मुलगी हसल्याचं मी ओळखलं. व्याहीसुद्धा पाठ फिरवून खांदे हलवत होते. माझ्या पुस्तकापायी मोठी माणसं हसली ती एवढीच, आणि ती माझ्यावर.

विहीण थांबली नाही. तिला आता आणखी सुचत होतं. दुसरी म्हटली, तिसरी म्हटली. मी बैल वळवायचं निमित्त करून गाडीच्या पलीकडं गेलो आणि मुद्दाम ऐकलं नाही. कानाची पाळी तापली होती. त्या घरावर, त्या बायांवर, खरं तर माझ्या बायकोवर मी चिडलो होतो.

मी परत वळून पाहिलं तेव्हा विहीण खाली उतरून बायकोच्या शेजारी मातीत बसली होती. पाणी घ्या म्हणत होती. बायको म्हणाली, पोरगी मोकळी झाली की पेईन. विहिणीनं घराकडं मान वळवून हाक दिली आणि मुलीचं गाठोडं बाहेर आलं. तयार बांधलेलं होतं. किती दिवसांचं बांधलेलं होतं कोण जाणे.

परतीच्या वाटेवर मायलेकी गाडीत मागं बसल्या. विहिणीच्या ओव्या आठवून आठवून हसत होत्या. मी मान वळवली की गप्प. पुन्हा समोर पाहिलं की खुसखुस. पूर्णेच्या पात्रात चाक रुतलं तेव्हा खाली उतरून मी एकटाच रेटत होतो, आणि वर त्या दोघी डोळे पुसत होत्या.

मुलगी सुखरूप बाळंत झाली. नात झाली. बारशाला विहीण आली, तिनं मुलीच्या कपाळावरून हात फिरवला, आणि मग दोघी विहिणी पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बसून असं काही बोलायला लागल्या की सुईणसुद्धा मध्येच काम टाकून बसली. मी दारात गेलो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “तुमी बाहीर बसा. आयकसान तं लिहिसान.”

मला वाटलं, त्या दिवसापुरतं आहे.

ते ती मरेपर्यंत चाललं. वीस वर्षं, थोडी वरच. माझ्याशी ती भांडली नाही, अबोला धरला नाही. भाकरी वेळेवर, दुखलं-खुपलं पाहणं वेळेवर. मळ्यात माझ्या बरोबरीनं राबली. पण बाया जमल्या आणि आतून हसणं आलं, आणि मी उंबऱ्याशी पोचलो, की ती जे बोलत असेल ते अर्ध्यावर तोडायची आणि म्हणायची, काय पाहिजे? मी पुस्तकं लिहिणं सोडलं. हे तिला सांगितलंही. ती म्हणाली, बरं केलं. तरी माझ्यासमोर तिनं कधी कोणाची नक्कल केली नाही. आजारात, शेवटच्या महिन्यात, मी उशाशी बसून म्हटलं, काही तरी बोल, पूर्वीसारखं. ती म्हणाली, पोरीले बोलवा. मुलगी आली. मला पाणी तापवायला पाठवलं. पाणी तापेस्तोवर आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं, एकीचं मोठं आणि एकीचं दम लागलेलं.

ती माझ्याशी वाईट वागली असं मी म्हणत नाही. ती न्यायानंच वागली. पण मला न्याय नको होता.

दहाव्याच्या दिवशी घर बायांनी भरलं होतं. वडनेरची विहीण आली होती, आता वाकलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी मागच्या दारानं मळ्यातून आलो तर माजघरात बाया रडता रडता हसत होत्या. विहीण हातवारे करून काहीतरी सांगत होती, माझी बायको कसं म्हणाली होती ते. मी दारात उभा राहिलो. कोणीतरी विहिणीला कोपरानं ढोसलं. तिनं माझ्या दिशेला तोंड केलं आणि पदर तोंडावर घेतला.

मुलगी उठून आली. म्हणाली, “बाबा, काही पाह्यजे का?”

मी म्हटलं, पाणी.

तिनं तांब्या दिला. मी तिथंच उभ्यानं प्यालो, तांब्या तिच्या हातात दिला आणि आलो तसा परत गेलो. विहिरीपाशी पोचलो तेव्हा घरातून पुन्हा हसणं आलं. एवढ्या लांबून शब्द कळत नाहीत.